सोबतची पुडी

मेहकरच्या बियाणे संघाच्या दारात पूर्वी माणसांची रांग नसायची, चपलांची असायची. बीटी कपाशीचं एकच ठरावीक वाण अख्ख्या तालुक्याला हवं असे आणि ते कधीच पुरत नसे. म्हणून शेतकरी दोन दिवस आधी यायचा, एक चप्पल रांगेत ठेवायचा आणि दुसरी पायात घालून चहाला निघायचा. त्या दिवसांत मेहकरचा अर्धा बाजार लंगडत चालायचा. मग एका वर्षी एक तपकिरी कुत्रं आलं आणि त्यानं साडेतीनशे चपला चारी दिशांना नेल्या. कुत्रं एकच होतं, हे खरं. पण ज्यांच्या चपला गेल्या ते शपथेवर सांगतात की त्यानं एकही सोडली नाही, आणि त्यातली एक लोणारच्या सरोवराकाठी सापडली, तीसुद्धा नवा अंगठा लावलेली. पुढं जे झालं त्यात पोलीस आले, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

त्या कुत्र्यामुळं संघात संगणक आला. पहिल्या वर्षी संगणकातून नंबराच्या चिठ्ठ्या दिल्या, तर बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्यानं एकेका नंबराचे चौदा-चौदा शेतकरी तयार केले. तेव्हापासून चिठ्ठीही बंद. खिडकीवर नाव सांगायचं, ते यंत्रात जायचं आणि वाटपाच्या दिवशी भोंग्यातून पुकारलं जायचं. कोणाचा नंबर कितवा हे फक्त यंत्राला ठाऊक. आणि यंत्राची देखभाल महनूरकडं.

महनूर मेहकरच्याच एका कापड दुकानदाराची मुलगी. इंजिनीअर होऊन दोन वर्षं पुण्याच्या एका डेटा सेंटरमध्ये होती. तिथं तिच्या हाताखाली चारशे सर्व्हर होते आणि तिच्या बोलण्यात 'का'च्या जागी येणाऱ्या 'काऊन'ला हसणारे तेवढेच सहकारी. वडील आजारी पडले म्हणून ती परत आली. संघात तिच्या वाट्याला दोन सर्व्हर आले, एक मोठं यंत्र आणि एक धाकटं. बंद पडलेल्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या इमारतीत, मुकादमाच्या जुन्या खोलीत एसी लावून ते बसवले होते.

सगळं तिनं फुकटच्या, म्हणजे ज्याचं पोट उघडून बघता येतं अशा सॉफ्टवेअरवर उभं केलं. लिनक्स, त्याच्यावर एका यंत्राची अनेक यंत्रं करणारी व्यवस्था, आणि सगळ्यांवर नजर ठेवणारा एक पहारेकरी प्रोग्राम. व्यवस्थापक निवृत्ती साहेबांना 'फुकट' हा शब्द खटकला होता. फुकटचं बियाणं कोणी पेरतं का, असं त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं, की बीटीचं बी दरवर्षी नवं आणावं लागतं, हे घरी धरून ठेवता येतं, चाळता येतं, आपल्या जमिनीला जमेल असं करता येतं. साहेबांना अर्धंच पटलं. एका मोठ्या यंत्रात सहा यंत्रं कशी राहतात हे मात्र ते एका फटक्यात समजले, कारण ती म्हणाली, एक वावर आहे, मधे धुरे, म्हणजे बांध घातले, सहा वाटे झाले. एका वाट्यात शेतकऱ्यांची यादी, दुसऱ्यात गोदामाचा साठा, तिसऱ्यात शाखांचं काम. एकाचं ढोर दुसऱ्याच्या वाट्यात जात नाही, पण जमीन सगळ्यांची एकच.

धाकटं यंत्र यातलं काहीच करत नव्हतं. दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला ते मोठ्याकडून सगळ्याची नक्कल ओढून घ्यायचं आणि गप्प बसायचं.

खोली झाडायला आणि राखायला रहेमतुल्लाचाचा होते. याच जिनिंगमध्ये त्यांनी तीस वर्षं फिटरकी केली होती. त्यांच्या जमान्यातलं जिन एवढं तेज होतं, की एकदा आत उंदीर शिरला तो पलीकडून रजई होऊन निघाला, आणि त्या रजईत चाचांच्या थोरल्या मुलाचं लग्न लागलं. चाचांची कामाची रीत मात्र खोटी नव्हती. लांब पेचकसाचं टोक यंत्राच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. बेअरिंग कधी जाणार ते चाचा आठ दिवस आधी सांगत. सर्व्हरलाही त्यांनी तोच पेचकस लावला. पहिल्यांदा महनूर घाबरली, मग तिला सवय झाली, आणि नंतर चाचा काय म्हणतात ते ती वहीत लिहू लागली.

मे महिन्यात निवृत्ती साहेबांनी धाकट्या यंत्राकडं बोट दाखवून विचारलं, की हे काय करतं. महनूरनं सांगितलं. साहेब म्हणाले, म्हणजे काहीच करत नाही. आणि मग ज्यावर सगळं ऑफिस हसलं, ते वाक्य बोलले:

"म्हणजे ही सोबतची पुडी झाली."

बीटीच्या प्रत्येक डब्यात एक लहान पुडी येते, साध्या कपाशीची. ती वावराच्या चारी कडांना पेरायची असते. बोंडअळीनं तिच्यावर पोट भरावं, म्हणजे अळीला बीटीच्या विषाची सवय लागत नाही. असं डब्यावर लिहिलेलं असतं, चित्रासकट. पण अळीसाठी कोणी वावर राखून ठेवत नाही. डबा गेटाजवळच फुटतो, पुडी तिथंच पडते. महनूरच्या वडिलांच्या दुकानासमोरून वाटपाच्या दिवशी वाऱ्यानं पुड्या वाहत जायच्या. साहेबांच्या बोलण्यावर तीही हसली. नंतर तिला आठवलं ते हेच, की आपणही हसलो होतो.

सुलतानपूरच्या शाखेची कधीची तक्रार होती, की सगळं मेहकरलाच काऊन? साहेबांनी धाकटं यंत्र वायरींसकट त्यांना पाठवून दिलं. महनूरनं दोनदा अर्ज केला, एकदा तोंडी सांगितलं, आणि मग सोडून दिलं. भिंतीवरच्या टीव्हीवर पहारेकरी प्रोग्रामची यादी दिसायची, चालू असेल ते हिरवं, बंद ते लाल. धाकट्याची ओळ लाल झाली. बाहेरची माणसं आली की ते लाल बरं दिसत नाही, असं साहेब म्हणाले. तिनं ती ओळच पुसून टाकली. सगळा पडदा हिरवागार झाला.

वाटपाच्या दोन दिवस आधी चाचांनी मोठ्या यंत्राला पेचकस लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"बेटी, याचे दोन्ही दात हालून राह्यले."

दोन दात म्हणजे आतल्या दोन डिस्क. एकीवर जे लिहिलं जातं ते दुसरीवरही लिहिलं जातं, एक गेली तरी दुसरी पुरते. महनूरनं त्यांना तसं सांगितलं.

"दोन्ही एकाच डब्यातले हायेत ना? एकाच दिवशी बसवले?"

"हाव."

"मंग पिकतीनही एकाच दिवशी," असं म्हणून चाचा झाडू घ्यायला गेले.

तिनं वहीत लिहिलं, नव्या डिस्कची मागणी केली. मागणीवर शेरा आला: हंगामानंतर.

वाटप सकाळी दहाला होतं. नऊ वाजून दहा मिनिटांनी पहिली डिस्क गेली, नऊ पंचविसाला दुसरी. खोलीतला आवाज अचानक कमी झाला, तो चाचांच्या आधी महनूरला कळला. पडद्यावरच्या सगळ्या ओळी लाल झाल्या, नंतर पडदाच काळा झाला. तिनं यंत्र तीनदा उठवून पाहिलं. वावरच नाहीसं झालं होतं, मग वाटे कुठून सापडणार?

बाहेर चार हजारांवर माणसं होती. कापसानं मागच्या वर्षी घात केला होता, पाऊस दोनदा येऊन परत गेला होता, आणि तरी सगळ्यांना तेच वाण हवं होतं. ती नावं जिथं होती ते यंत्र आता तीस किलोचं लोखंड होतं. यादी गेली असेल तर आज कोणाचं नाव पुकारायचं हे ठरवायला कोणीच नव्हतं. भोंगा साडेनऊला सुरू होतो, तो आज सुरू झाला नाही, एवढ्यावरून लोकांना वास आला. खिडकीतून महनूरनं पाहिलं, एका म्हाताऱ्यानं शांतपणे डाव्या पायातली चप्पल काढली आणि गेटासमोर ठेवली. त्याच्या मागं दुसऱ्यानं ठेवली.

निवृत्ती साहेब खोलीत आले. यादी कागदावर आहे का, असं त्यांनी विचारलं. मग त्यांना आठवलं असावं की कागद काढू नका असं आपणच सांगितलं होतं, कारण उत्तराची वाट न पाहता ते खुर्चीवर बसले.

महनूरनं सुलतानपूरला फोन लावला. नक्कल महिनाभर जुनी असेल, तिचा उपयोग नाही; पण रिकामं का होईना एक चांगलं यंत्र हातात हवं होतं. तिकडं शाखेचा कारभार पुंजाजी पाहायचे. ती म्हणाली, पुंजाजीकाका, ते यंत्र जीपमध्ये टाका आणि लगेच पाठवा.

पलीकडं पुंजाजींनी फोन हातानं झाकून घरात काहीतरी विचारलं.

"आता नाही जमत ताई," पुंजाजी म्हणाले. "कुरडया ओल्या हायेत."

"कोणाच्या कुरडया?"

"आमच्या हिच्या, अंबूच्या. आभाळ आलं ना चार दिवसांपासून, शेवटचा घाणा वाळूनच नाही राह्यला. तुमच्या यंत्राच्या मागून गरम वारा येते. अंबू खाट लावते तिथं. लय कामाचं यंत्र दिलं साहेबांनी, आमचं नाव सांगा त्याहिले."

महनूर खुर्चीत सरळ बसली. "म्हणजे ते चालू हाये?"

"आलं तवापासून चालूच हाये."

"काका, त्याले वायर कोणती कोणती लावली?"

"सगळ्या. जेवढी भोकं तेवढ्या वायरी लावल्या. साहेबांनी सांगतलं होतं, जसं हाये तसं ठेवजा."

जिनिंगच्या धुराड्यावर बिनतारी नेटची एक डिश होती आणि सुलतानपूरच्या शाखेच्या छपरावर दुसरी. त्या दोन वर्षांपूर्वी महनूरनंच बसवल्या होत्या, आणि दोन्ही ठिकाणचं जाळं एकच ठेवलं होतं, कारण वेगळं करायला तेव्हा वेळ नव्हता. पुंजाजींनी निळी वायर निळ्याच भोकात घातली होती. धाकट्याला आपण गाव बदललं हे समजलंच नव्हतं. ते महिनाभर बाराला आणि सहाला धुराड्यावरून नक्कल ओढत होतं, आणि उरलेल्या वेळात कुरडया वाळवत होतं.

आपल्या लॅपटॉपवरून तिनं त्याला हाक दिली. त्यानं ओ दिली. शेवटची नक्कल काल संध्याकाळी सहाची होती.

"पुंजाजीकाका, त्याले हात लावू नका. अंबूकाकूले म्हणा, खाट राहू दे."

मोठ्याची वाट न पाहता तिनं सगळे वाटे धाकट्यावरच उभे केले. एवढं काम त्या यंत्रानं जन्मात केलं नव्हतं. त्याच्या मागून त्या दिवशी जो वारा निघाला, त्यानं म्हणे अर्ध्या कुरडया वाळल्या आणि अर्ध्या तेलाशिवाय तळल्या गेल्या. सुलतानपुरात त्या अजून दाखवतात. दहा वाजून चाळीस मिनिटांनी भोंगा खरखरला आणि पहिलं नाव पुकारलं गेलं. गेटासमोरच्या दोनशे चपला आपापल्या पायात गेल्या, त्या म्हाताऱ्याची सोडून. त्याची दुसऱ्याच कोणी घातली होती.

यादी चार हजार दोनशे नावांची होती. निवृत्ती साहेब पडद्याजवळ उभे राहून ती खाली-वर करत होते.

"काल तर चार हजार दोनशे एक्केचाळीस होते," ते म्हणाले.

महनूरलाही ते माहीत होतं. काल घरी जाताना तिनं आकडा पाहिला होता आणि मधे घुसवलेले काही नंबरही. बाराचा अ, तेराचा अ, तेराचा आ. खिडकी पाचला बंद होत होती. हे एक्केचाळीस सहानंतर आत आले होते, आणि ते कोणाचे पाहुणे होते हे ऑफिसच्या माठालाही ठाऊक होतं.

"नक्कल सहाची हाये साहेब," ती म्हणाली. "पाचला खिडकी बंद झाली. नंतर कोणी आलं असन तर ते तिच्यात नाही."

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, मग चाचांकडं. चाचा पेचकस पुसत होते.

"पाचनंतर कोण येते?" साहेब म्हणाले. "नसतीनच आले."

त्या दुपारी साहेबांचा फोन बराच वाजला. त्यांनी तो टेबलाच्या खणात ठेवला.

संध्याकाळी महनूरनं टीव्हीवर धाकट्याची ओळ परत घातली. ती हिरवी झाली. साहेबांनी जाता जाता ती पाहिली आणि म्हणाले, की हंगाम झाला की ते यंत्र परत आणू. पुंजाजींचा निरोप आधीच आला होता. यंत्र द्यायला हरकत नाही, पण अंबूबाई म्हणते कुरडयांनंतर सांडगे आहेत, त्यानंतर पावसाळाभर गावातल्या वकिलाच्या घरच्या शेवया, आणि पुढचं पुढं बघू. महनूरनं साहेबांना सांगितलं, की ते तिकडंच राहिलेलं बरं. काऊन ते त्यांनी विचारलं नाही.

ती बाहेर पडली तेव्हा मैदान रिकामं झालं होतं. गेटाजवळ पुड्यांचा ढीग गुडघाभर होता, दरवर्षी असतो तेवढाच. चाचा खराट्यानं तो एका बाजूला सारत होते. ती तिथं थोडी थांबली. दोन पुड्या उचलून तिनं पर्समध्ये टाकल्या. तिच्या घरी वावर नव्हतं, कापडाचं दुकान होतं.

"काय करशील त्याचं बेटी?" चाचांनी विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.