लेथची बैठक

माझ्या नवऱ्याने अठ्ठावन्नाव्या वर्षी घरात सवत आणली. बिडाची, सव्वाशे किलोची, यांच्यापेक्षाही वयाने मोठी. तुर्भ्याचा कारखाना बंद झाला त्या दिवशी बाकीचे कामगार मिठाईचा पुडा घेऊन घरी गेले, आणि आमचे हे, शहाजीराव, टेम्पोत लोखंड कातायची जुनी लेथ घालून आले. अठराव्या वर्षी याच मशीनवर त्यांचा टर्नरकामाला हात बसला होता. कोपरखैरण्याला आमच्या दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत मधोमध ती पोत्यावर बसली आणि पहिल्याच दिवशी तिला ठेचकाळून माझ्या अंगठ्याचं नख गेलं.

मी सांगून टाकलं, "रविवारपर्यंत हिला नीट कशावर तरी चढवा. नायतर सोमवारी भगवान भंगारवाल्याला बोलावते."

हे नुसते फडक्याने तिचं चाक पुसत राहिले. मला वाईट वाटलं. पण नखही ठणकत होतं.

अडचण अशी की लेथखालचा स्टँड जरा जरी हलला तरी काम वाकडं येतं. म्हणून परीक्षा सुरू झाल्या. सव्वाशे किलो वर उचलून बघणार कोण? मग लेथच्या जागी मला बसवायचं, शेजारी काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवायचा आणि यांनी खालून गदागदा हलवायचं. मी जेवणाच्या टेबलावर बसले, पाणी सांडलं. लेकीच्या कॉम्प्युटरच्या टेबलावर बसले, ते टेबलच कलंडलं. शुक्रवारी शेजारच्या संध्याताई विरजण मागायला आल्या तेव्हा मी शिलाई मशीनवर मांडी घालून बसले होते. त्या विरजण न घेताच गेल्या.

शेवटी यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला. 'बैठक ठरवायची आहे. भक्कम पाहिजे, डगमगणारी नको. उंची-वजन फोनवर सांगतो. रविवारच्या आत.'

कारखान्यात मशीनच्या पायाला बैठक म्हणतात. आमच्या साताऱ्याकडे बैठक म्हणजे लग्न ठरवायला दोन्हीकडची माणसं बसतात ती. आणि आमच्या घरात लग्नाची मुलगी आहे.

रविवारी दहा वाजता दारात जीप थांबली. माझा थोरला भाऊ धनाजीदादा फेटा बांधून उतरला. मागून सात माणसं, नारळ, पेढे आणि आमच्या वैष्णवीला साडी.

"पोराकडची आली का?" दादाने विचारलं.

वैष्णवी दात घासत बाहेर आली. "कुणाचा पोरगा, मामा?"

खुलासा व्हायला पाच मिनिटं लागली. बाहेरच्या खोलीत लेथ, त्यामुळे आठही माणसांना आत माझ्या पलंगावर बसवावं लागलं. हा पलंग दादानेच मला लग्नात दिलेला. त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. बहिणीचा पलंग म्हणून त्याने ट्रकच्या सांगाड्याला वापरतात तसलं जाड लोखंडी चॅनल लावलं होतं. सत्तावीस वर्षांत मला त्याच्याखालचा केर धड काढता आलेला नाही.

"आट मानसं पाच तास गाडीत बसून आली, ती ह्या लोखंडापायी?" दादाने पलंगावर मूठ आपटली. "कामधंदा न्हाय व्हय आमाला?"

हे मान खाली घालून उभे होते. अचानक म्हणाले, "पाव्हणं, परत एकदा आपटा."

"काय?"

"आपटा. जोरात."

दादाने आपटली. पलंगाच्या कडेवर कुणीतरी ठेवलेला भरला पेला होता. त्यातलं पाणी जागचं हललं नाही.

यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मागायची हिंमत झाली नाही. पलंग माहेरचा होता आणि माहेर त्याच्यावर बसलं होतं. मला एकदम गलबलून आलं. या माणसाने लग्नापासून माझ्याकडे चहाखेरीज काही मागितलेलं नाही.

"उंची कमी पडंल," मी म्हणाले.

"पडंल," हे म्हणाले.

"मग बसून काम करा. चाळीस वर्षं उभं ऱ्हाऊनच केलंय की."

त्यांनी हातातल्या फडक्यानेच डोळे पुसले, आणि ऑइल नाकापर्यंत फासलं गेलं.

दादाचा राग पलंगाच्या कौतुकात कधीच विरघळला होता. "चॅनल हाय त्ये, चॅनल," असं तो प्रत्येकाला सांगत सुटला. गादी आणि फळ्या काढून आठ जणांनी लेथ उचलली आणि पलंगाच्या पट्ट्यांना बोल्टने आवळली. दादाने नारळ फोडला. पेढे वाटले. साडी वैष्णवीने ठेवून घेतली आणि ग्रुपवर टाकलं, 'बैठक ठरली.'

आता सवत पलंगावर आणि आम्ही दोघं खाली गादीवर. गावाकडून अजून फोन येतात, मुलगा काय करतो म्हणून.

मी सांगते, टर्नर आहे. हल्ली बसून काम करतो.