मागून, उजवीकडून

कुरिअरवाल्याने खोकं हातात दिलं आणि त्रिवेणीने दारातच एक गिरकी घेतली. खोक्यावर ‘नादवलय’ असं कंपनीचं नाव होतं आणि आत होता कॉम्प्युटरवरच्या गेमसाठी बनवलेला त्यांचा नवाकोरा सराउंड साउंड, म्हणजे चहूबाजूंनी आवाज ऐकवणारा, हेडसेट. तो तिने विकत घेतलेला नव्हता. कंपनीने आपणहून पाठवला होता. वापरून बघा आणि काय वाटतं ते तुमच्या चॅनलवर सांगा, म्हणाले होते.

आठवडाभर त्रिवेणी हैदराबादच्या हायटेक सिटीतल्या एका ऑफिसात विम्याच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची. शनिवारी-रविवारी नल्लकुंट्यातल्या आपल्या खोलीत बसून माउस, कीबोर्ड, हेडफोन असल्या वस्तूंची परीक्षा घ्यायची आणि त्याचे व्हिडिओ टाकायची. मराठी, हैदराबादी दखनी हिंदी, मध्येच तेलुगू, अशी सगळी खिचडी बोलायची. बघणारे थोडेच होते, पण मन लावून बघायचे. आजवर ती ऑफिसातल्या मित्रांच्या वस्तू उसन्या आणत होती. आज पहिल्यांदाच एका कंपनीला तिचं मत हवं होतं.

"आत्या, बघ! मी मोठी झाले!"

"मग कोथिंबीर निवड," इंदुताई आतून म्हणाल्या.

इंदुताई तिची आत्या. उदगीरकडचं घर सोडून त्रिवेणी शिकायला हैदराबादला आली ती आत्याकडेच, आणि नोकरी लागल्यावरही तिथेच राहिली. इंदुताई बँकेतून निवृत्त झाल्या होत्या. काउंटरवर असताना गिऱ्हाइकांचे नंबर पुकारायला त्यांना कधी माइक लागला नाही, असं त्यांच्या बरोबरीचे लोक अजून सांगत. निवृत्तीनंतर तो आवाज भाजीवाल्यांच्या वाट्याला आला होता.

शनिवारी जेवणं झाल्यावर त्रिवेणीने तयारी केली. रस्त्याचा गोंगाट रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून मागच्या खिडकीवर जाड सोलापुरी चादर लावली. उकाडा फार होता, म्हणून चादरीमागची तावदानं मात्र उघडीच ठेवली. कॅमेरा लावला, हेडसेट डोक्यावर चढवला आणि बगाराला हाक मारली.

बगारा हे काही कोणाचं खरं नाव नव्हे. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन खेळताना तिला हा गडी भेटला होता. तिने गेममध्ये स्वतःचं नाव ठेवलं होतं ‘मिर्ची का सालन’. एक दिवस अनोळखी लोकांच्या टोळीत तिला ‘बगारा’ नावाचा खेळाडू दिसला. आता बगारा खाना, म्हणजे फोडणीचा भात, आणि मिर्चीचं सालन, म्हणजे मिरच्यांचा रस्सा, एका ताटात आल्यावर हैदराबादेत कोण वेगळं करणार? तेव्हापासून दोघं जोडीने खेळत. खरं नाव विचारायचं नाही, फोटो मागायचा नाही, असं दोघांनी ठरवून टाकलं होतं. बोलणं सगळं दखनीत. त्याच्या बोलण्यावरून तो करीमनगरचा असावा, असा तिचा अंदाज होता.

"हौ, बोल सालन," त्याचा आवाज कानात आला. "क्या करना मेरेकू?"

तिने समजावून सांगितलं. गेममध्ये सराव करायला एक ओसाड गाव होतं. तिथल्या चौकात ती उभी राहणार, डोळ्यांवर टॉवेल बांधून. बगाराने तिच्याभोवती हिंडायचं आणि मधूनमधून गोळी झाडायची. आवाज कुठून आला ते तिने हात करून दाखवायचं आणि बोलूनही सांगायचं, आणि बरोबर की चूक ते त्याने सांगायचं. आधी साधा स्टिरिओ लावून, म्हणजे गेम स्वतः देतो तेवढीच दिशा, मग हेडसेटचा सराउंड चालू करून. डोळे बांधलेले असताना समोरचं आणि मागचं वेगळं ओळखू आलं, तर हेडसेट खरा.

स्टिरिओवर तिचे बहुतेक हात बरोबर पडले. मग तिने सराउंडचं बटण दाबलं.

ठो!

"सामने से," ती म्हणाली.

"पीछे था मैं."

ठो!

"बाएँ से... नईं, ऊपर से?"

"ऊपर से कैसा? मैं क्या कबूतर हूँ?"

त्रिवेणीचा चेहरा उतरायला लागला. सगळे आवाज मोठ्या न्हाणीघरात घुमल्यासारखे येत होते. तिला हा हेडसेट मनापासून आवडून घ्यायचा होता. कंपनीच्या मानसी नावाच्या बाई फोनवर किती गोड बोलल्या होत्या! तिने कानांवरच्या गाद्या नीट बसवल्या, टॉवेल पुन्हा घट्ट बांधला. आणि तेवढ्यात तिला ऐकू आलं.

मागून. उजवीकडून. अगदी खरा, खणखणीत आवाज.

"ये कांदे हैं या गोटियाँ? खेलने को लाया क्या?"

त्रिवेणी खुर्चीतच उडाली. "ऐकलंत?" गेममधला माइक बंद करून ती कॅमेऱ्याकडे बघून, म्हणजे टॉवेलमधून कॅमेरा असेल त्या बाजूला बघून, ओरडली. "मागून! उजवीकडून! माणूस पाठीशी उभा असल्यासारखं! काय सराउंड आहे! काय कमाल आहे!"

मग तिच्या लक्षात आलं की हा आवाज आत्याचा आहे.

"आत्या, रेकॉर्डिंग चालू आहे ना गं!" तिने टॉवेल ओढून काढला आणि मागे वळली. खोलीत कोणी नव्हतं. दार बंद होतं. तिने हेडसेट काढला, स्वयंपाकघरात डोकावली. तिथेही कोणी नाही, आणि आवाजही आता थांबला होता. मघाशी आत्या "जरा खाली जाऊन येते" म्हणाल्याचं तिला आठवलं. परत येऊन तिने हेडसेट चढवला, तर आत्या कानाच्या आत भांडत होत्या. या वेळी आवाज बरोबर मधोमध होता आणि त्याच्याबरोबर बगाराचा श्वासही ऐकू येत होता.

"बगारा," माइक पुन्हा चालू करून ती हळूच म्हणाली, "तेरे पास कोई औरत है क्या?"

"नक्को पूछ," तो वैतागून म्हणाला. "नीचे गली में एक आंटी प्याजवाले की जान ले रईं. खिडकी बंद करूँ क्या?"

"रुक! जांभळी... जामुनी साडी?"

"हौ."

"हाथ में नारंगी थैली?"

"हौ... तेरेकू कैसा मालूम?"

त्रिवेणी इतक्या झटक्यात उठली की खुर्ची उलटी पडली आणि हेडसेटच्या वायरीने कीबोर्डला खाली खेचलं. "अरे, वो मेरी आत्या है!"

बगारा बोलला, आणि ते दखनी नव्हतं.

"आत्या म्हणालीस तू? तू मराठी आहेस?"

"तू मराठी आहेस?"

"मी आधी विचारलं!"

"दोन वर्षं माझ्याशी हिंदीत बोलतोयस!"

"तू पण!"

"खिडकीत ये," त्रिवेणी म्हणाली. तिचा आवाज एकदम चिरका झाला होता. तिने सोलापुरी चादर ओढली, तिच्यासकट दांडाही हातात आला, तो तिने पलंगावर फेकला आणि खिडकीबाहेर वाकली.

मागची गल्ली इतकी अरुंद होती की समोरच्या बाल्कनीतली तुळस वाळली की हिरवी आहे ते इथून कळायचं. त्या बाल्कनीच्या बाजूच्या खिडकीत एक उंच, चष्मेवाला तरुण कमरेपर्यंत बाहेर आला होता. कानांवर हेडफोन, केस उभे, तोंड उघडं. त्याने हात हलवला. तिने हात हलवला. त्याने दोन्ही हात हलवले.

"सालन?" तो म्हणाला. आधी त्याचे ओठ हलले, मग समोरून त्याचा आवाज आला, आणि कुठल्या कुठल्या सर्व्हरला वळसा घालून तोच शब्द थोड्या वेळाने तिच्या कानात पडला. ‘सालन? सालन?’ ती हसायला लागली. तिचं हसू त्याच्याकडेही दोनदा पोचलं असावं, कारण तोही खिडकीच्या चौकटीला लोंबकळून हसू लागला.

खाली कांद्यांची ऑटो उभी होती. तिचा भोंगा "उल्लिगड्डलु, उल्लिगड्डलु" करत तेलुगूत कांदे विकत होता. ऑटोशेजारी इंदुताई वर बघत होत्या. इकडे भाची, तिकडे अनोळखी मुलगा, दोघांच्या कानाला वायरी, आणि दोघं वेड्यासारखे हात हलवतायत.

"त्रिवेणी! कोण आहे हा?"

"आत्या, बगारा!"

"काय?"

"बगारा गं! बगारा!"

"आत्ताच तर जेवलीस!"

यावर वरच्या मुलाने हेडफोन काढून नमस्कार केला. "मी गौतम, आत्या. म्हणजे काकू. गौतम."

"मराठी आहेस?" इंदुताईंचा सूर बदलला. "मग वर काय करतोस? खाली ये. एवढे कांदे मी एकटी नेऊ?"

गौतम आला तो एका पायात निळी आणि एका पायात काळी चप्पल घालून. मूळ घर बिदरकडचं, आईवडील मलकपेठेत. तो कृत्रिम दात बनवणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला होता, आणि लॅब जवळ पडते म्हणून गेल्या दसऱ्यापासून इथे भाड्याने राहत होता. इंदुताईंनी हे सगळं जिना चढता चढताच काढून घेतलं. दारात पोचेपर्यंत त्यांच्या कवळीचा विषयही निघाला होता.

"मी त्या कोपऱ्यावरच्या दुकानात रोज दूध घेते," त्रिवेणी म्हणाली.

"मी पण!"

"किती वाजता?"

"सकाळी. तू?"

"संध्याकाळी."

हे दोघांना इतकं विनोदी वाटलं की इंदुताईंनी कांदे ठेवता ठेवता दोघांकडे पाळीपाळीने पाहिलं.

मग त्रिवेणीला रेकॉर्डिंगची आठवण झाली. कॅमेरा अजून चालूच होता. तिघांनी मिळून ते पाहिलं. पडद्यावर टॉवेल बांधलेली त्रिवेणी आनंदाने ओरडत होती: मागून! उजवीकडून! काय सराउंड आहे!

गौतम पुढे वाकला. "एक मिनिट. माझा आवाज तुला नेहमी कुठून येतो?"

"मधून. गेममधलं बोलणं मधूनच येतं. सराउंड फक्त पावलांना आणि गोळ्यांना."

"मग माझ्या माइकमधून आलेल्या आत्या मागून कशा येतील?"

त्रिवेणीने मागे पाहिलं. उजव्या हाताला, जरा मागे, ती खिडकी होती. सताड उघडी.

"त्या खऱ्याच होत्या," ती म्हणाली. "खिडकीतून आल्या. हेडसेटने बाहेरचा आवाज अडवलाच नाही, आणि मी... मी आत्याला सराउंड म्हणाले!"

इंदुताईंना तांत्रिक भाग कळला नाही, पण आपल्या आवाजाला कंपनीची करामत समजण्यात आलं, एवढं नेमकं कळलं. त्या पोट धरून पलंगावर बसल्या. गौतमने चष्मा काढून डोळे पुसले. त्रिवेणी जमिनीवर बसून हसता हसता म्हणत होती, "आता मी काय सांगू त्या बाईंना? काय सांगू?"

"आधी नीट बघू तरी," गौतम म्हणाला.

त्यांनी तावदानं लावली, पंखा बंद केला. या वेळी बटण इंदुताईंच्या ताब्यात होतं. स्टिरिओ की सराउंड, त्यांनी मनाला येईल तसं बदलायचं आणि सांगायचं नाही. आधी त्रिवेणीने डोळे बांधले, मग गौतमने; ज्याचे डोळे मोकळे, तो त्रिवेणीच्या लॅपटॉपवरून गेममध्ये गोळ्या झाडायचा. बटण दाबताना इंदुताई अशा गंभीर होत की जणू तिजोरी उघडतायत. गौतम एकदा हात करायला गेला तो थेट फ्लॉवरपॉटला लागला. एकदा दोघांनीही छताकडे बोट दाखवलं. घामाने तिघं भिजले, आणि शेवटी शंका उरली नाही. साध्या स्टिरिओत दोघं बहुतेक वेळा बरोबर होते, सराउंडमध्ये आंधळी कोशिंबीर.

"पण चष्म्यावर टोचत नाही," गौतम कानाच्या गाद्या चाचपत म्हणाला. "माझा तर दांडीपाशी टोचतो. आणि माइक चांगला आहे."

"वाईट सांगितलं तर पुन्हा काही पाठवणार नाहीत," त्रिवेणी म्हणाली.

"नाही पाठवलं तर माझा घे. टोचका आहे, पण घे."

त्रिवेणीने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला पुन्हा हसू आलं, या वेळी कारणाशिवाय.

व्हिडिओ तिने दुसऱ्याच दिवशी टाकला. गाद्या छान, माइक चांगला, बाहेरचा आवाज अडवत नाही, सराउंडचं बटण दाबू नका. आत्याचा प्रसंग तिने जसाच्या तसा ठेवला, टॉवेल, उलटलेली खुर्ची, सगळं. सोमवारी ऑफिसात मानसीबाईंचा फोन आला तेव्हा त्रिवेणी जिन्यात जाऊन उभी राहिली.

"तुमचा व्हिडिओ आमच्या अख्ख्या टीमने पाहिला," मानसीबाई म्हणाल्या. "ते... कांद्याचं पण."

"सॉरी," त्रिवेणी म्हणाली.

"अहो, आमचे आवाजाचे इंजिनिअर टेबलावर डोकं ठेवून हसत होते. मग म्हणाले, मुलगी बरोबर आहे. सराउंड पुन्हा बसवायला घेतलाय. झाला की पाठवू का? पण परीक्षा तशीच घ्यायची, बटण तुमच्या आत्यांनी दाबायचं."

त्रिवेणीने हो म्हटलं आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली.

संध्याकाळी ती आणि गौतम पहिल्यांदाच दोघंच, हेडफोनशिवाय भेटले, हिमायतनगरला, चहा प्यायला. दोन वर्षं तासन्‌तास बोललेली माणसं, आणि कपाकडे बघत बसलेली. हॉटेलात गर्दी होती, बशा आदळत होत्या, बाहेर हॉर्न वाजत होते.

गौतम काहीतरी म्हणाला.

"काय?" त्रिवेणी ओरडली.

तो पुन्हा म्हणाला. तिला ऐकू आलं नाही. तिने खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला आणि त्याच्या शेजारी आणून ठेवली.

"हां, आता बोल."

"उद्या सकाळी दूध आणायला येशील का, म्हणत होतो."

"किती वाजता?" त्रिवेणीने विचारलं, आणि तिला इतकं हसू आलं की कप बशीत ठेवावा लागला.