रॉकेलच्या डब्यातलं पाणी

ढोकीकडच्या साखर कारखान्याच्या ऊसवाल्या सभासदांची सहल बोटीनं गोव्याला निघाली, तेव्हा पुढारपण आबारावांकडं आलं. आलं म्हणजे त्यांनी ते ओढूनच घेतलं. बोटीवर काय न्यायचं नाही हे त्यांनी इतक्या वेळा बजावलं की लोकांचे कान किटले. स्टोव्ह नको, रॉकेल नको, विळा-कोयता नको. सहलीतल्याच गुंडप्पाचा स्टोव्ह तर त्यांनी सोलापूर स्टेशनावर चारचौघांत काढून घेतला, वर त्याला अडाणीही म्हणाले.

मुंबईच्या धक्क्यावर शिपायानं नेमकं त्यांच्याच बायकोचं, कमलबाईचं गाठोडं सोडलं. लुगड्यांखाली रॉकेलचा डबा निघाला.

"हा कुणाचा?"

गुंडप्पा आबारावांकडंच बघत होता.

"एवढं सांगून बी कुणी आणला?" आबाराव मोठ्यांदा म्हणाले आणि मागं सरकले.

"माझा हाय," कमलबाई म्हणाली. "रॉकेल न्हाय दादा, पाणी हाय. समुद्राचं खारट असतंय म्हनं."

सगळे खो खो हसले. बहात्तरच्या दुष्काळात टँकरमागं धावल्यापासून ती शेजारच्या गावालाही पाणी घेऊनच जाई. हसणाऱ्या बायकाही त्याच टँकरमागं धावल्या होत्या, पण हसायला मिळालं तर कोण सोडतं!

शिपाई बरा माणूस होता. "बाई, तिकीट कुणाकडं तुमचं? मालकांचं नाव सांगा."

नवऱ्याचं नाव? ते लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. अशा वेळी नवऱ्यानं पुढं होऊन आपणच सांगायचं असतं. तिनं आबारावांकडं बघितलं. नुसतं 'आमची मंडळी' म्हणायचं होतं. पण सहलीचा पुढारी, आणि त्याची बायको समुद्रावर पाणी घेऊन निघालेली! ते बोटीच्या धुराड्याकडं बघत राहिले.

कमलबाईनं जरा वाट बघितली. मग पदर नीट केला.

"आबाराव," ती खणखणीत म्हणाली.

हसणं थांबलं. बायकांनी तोंडावर हात नेले. भर बाजारात कुणी फेटा उडवावा तसं आबारावांना झालं. मान खाली घालून ते पुढं आले आणि खिशातलं तिकीट काढू लागले.

"या कोण तुमच्या?" शिपायानं विचारलं.

आबारावांनी तोंड उघडलं, पण कमलबाईच आधी बोलली.

"त्येंला नगा इचारू, दादा. त्येंला लाज वाटती."