सोमवार सोडून

“हळू ये. पण ये,” असं बायजाक्कानं मला बजावून ठेवलं होतं. त्या वेळी माझ्याकडे आठवड्याचे सगळे वार होते. नंतर मंगळवार क्लचच्या लिव्हरला गेला आणि गुरुवार फूटरेस्टला.

बायजाक्का नदीपलीकडे हेळेवाडीत राहते. तिला दिसत नाही. सोमवारचा उपवास ती लग्नाच्या आधीपासून धरते, आणि सोमवारची कहाणी कानावर पडल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नाही. सून वाचू शकते, पण सून सोमवारी पोहे खाते. सांगणाराही उपाशी हवा, असा बायजाक्काचा नियम आहे. गावात दुसरं कुणी उपाशी नसल्यामुळे मी हातात बेलाचं पान घेऊन तिला शब्द दिला, की मी येत जाईन.

मोटारसायकल खरं म्हणजे आमच्या ह्यांची. ह्यांनी ती हौसेनं घेतली आणि घरी आणल्यावर त्यांना तिच्यावर बसायची भीती वाटू लागली. ती परसात चादर पांघरून उभी असायची. दसऱ्याला मी तिला हळदकुंकू वाहायची, झेंडूची माळ घालायची. एका दसऱ्याला मनात आलं, ज्याची पूजा केली त्याला नुसतं उभं करून ठेवू नये. मग पदर खोचला आणि शिकले.

वेशीवर भावकाईचं देऊळ आहे. तिथेच रस्ता डावीकडे नदीला वळतो. त्या वळणावर सगळेच नमस्कार करतात. माणसं गाडी चालवता चालवता एक हात छातीला लावतात, कुणी नुसती मान हलवतात. मला ते पटत नाही. शेजाऱ्याची विचारपूस करावी तसा देवीला नमस्कार करू नये. त्या सोमवारी मी बैलगाडीच्या चालीनं वळणावर आले, दोन्ही हात सोडले आणि जोडले. चाकाखाली खडी होती. गाडी डाव्या कुशीवर निजली. मीही तिच्याबरोबर निजले, पण मला काही झालं नाही.

पानाच्या टपरीवरची माणसं धावत आली. त्यांनी गाडी उचलली.

“वैनी, जोरात असता तर पडला नसता,” एक जण म्हणाला. “हळू चालवली की गाडी पडतीच.”

“मला हळूच यायला सांगितलंय,” मी म्हणाले.

“कुणी?”

“जिच्याकडे चाललेय तिनं.”

क्लचची लिव्हर मोडून हातात आली होती. मी गाडी टपरीमागे लावली आणि चालत निघाले. हेळेवाडीला एसटी फक्त बाजारच्या दिवशी जाते. पोचले तेव्हा दिवे लागले होते. बायजाक्का आडवी झाली होती. ओठ सुकून पापडासारखे झाले होते. तिनं पडल्या पडल्याच कहाणी ऐकली. मी चमच्यानं पाणी पाजलं.

“आलीस ना,” ती म्हणाली. “मग झालं.”

“पुढच्या सोमवारी ऊन उतरायच्या आत येईन,” मी म्हणाले. तो माझा दुसरा शब्द.

मंगळवारी सकाळी मी पिराजी मिस्त्रीच्या गॅरेजात गेले. टपरीवरच्या लोकांनी गाडी तिथवर ढकलत नेली होती. मिस्त्री तिच्याभोवती फिरला, उकिडवा बसला, उठला.

“लिव्हरला मंगळवार पडेल, काकू.”

“पैसे घ्या की.”

“पैशाला आता कोण विचारतंय? सुटे पार्ट वारावर येतात.” त्यानं नटबोल्टचा डबा पुढे केला. “तुमचे वार उपवासाचे म्हणून एकात भागतंय. बाकीच्यांचे खाल्लेले असतात. त्यांना दोन-दोन द्यावे लागतात.”

मंगळवार हातात आला तेव्हा उकडलेल्या रताळ्याएवढा गरम होता. मी तो डब्यात ठेवला. गॅरेजातून बाहेर आले तर बुधवार होता. रस्त्यावर पडलेलं ऊन बुधवारचं होतं.

घरी हे ओट्यावर बसले होते.

“काल कुठं होतीस?” त्यांनी विचारलं.

“काल मला नव्हता.”

“मला होता. भाकरी शेजारून आणली. जाडी होती.”

मी हातपाय धुऊन देवापाशी गेले. देवीचा टाक देव्हाऱ्यात नव्हता. जागा पुसल्यासारखी स्वच्छ होती. देव्हाराही एका फळीनं अरुंद झाला होता, आणि चुलीपासून देवापर्यंत जिथे मला चालत जावं लागायचं तिथे आता नुसता हात लांबवला तरी पुरत होतं. मी उरलेल्या देवांना फुलं वाहिली. देवीचं फूल तिच्या रिकाम्या जागेवर ठेवलं.

गुरुवारी मिस्त्रीनं फूटरेस्टला गुरुवार मागितला. मी विचारलं, “सोमवारी गाडी मिळेल ना?”

“मिळेल की.”

“ऊन उतरायच्या आत?”

“उन्हाचं माझ्याकडं नसतं, काकू. गाडीचं विचारा.”

मी गुरुवार दिला आणि शुक्रवारात बाहेर आले. घरी दत्ताची तसबीर गेली होती. खिळा राहिला होता. माजघराच्या दोन्ही भिंती पुढे आल्या होत्या, आणि हे त्यांच्यामध्ये तिरके बसून वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटताना त्यांचं कोपर भिंतीला लागत होतं.

“स्कूटी घेतली असतीस तर पाय टेकले असते,” ते पानामागून म्हणाले.

“गाडी तुम्ही घेतलीत.”

“मी काय बसायला घेतली होती?”

मी आवाज चढवत नाही. लहानपणापासून चढवलेला नाही. लोकांना वाटतं, त्यामुळे माझं मत नसतं.

शनिवारी सकाळी मारुतीला तेल घालून गॅरेजात गेले. गाडी उभी होती. लिव्हर नवी होती, फूटरेस्ट नवा होता. मिस्त्रीनं पुढचं चाक गुडघ्यात धरलं, एक डोळा मिटला आणि हँडलकडे बघितलं.

“हँडल वाकलंय.”

“परवा बोलला नाहीत.”

“परवा फूटरेस्टचं बघत होतो. हे असंच ठेवलं तर गाडी डावीकडं ओढणार. बदलायला लागतंय.”

“काय लागेल?”

“सोमवार.”

त्यानं डबा पुढे केला. त्यात माझा मंगळवार आणि गुरुवार नटबोल्टमध्ये पडले होते. दोन्ही गार झाले होते. त्यांना ग्रीस लागलं होतं.

“सोमवार दिला तर गाडी घेऊन जायचं कधी?” मी विचारलं.

“रविवारी न्या. मंगळवारी न्या.” मग त्याच्या लक्षात आलं. “मंगळवार नाही तुम्हाला. बुधवारी न्या.”

“मला सोमवारी जायचंय.”

“सगळ्यांना सोमवारीच जायचं असतं,” मिस्त्री म्हणाला. त्यानं कापसानं हात पुसले. “तुमचा सोमवार भारी आहे, काकू. इथून दिसतो. असला माल हल्ली येत नाही.”

मी नाही म्हणाले. तेव्हा गॅरेजचं शटर हातभर खाली आलं. कुणी ओढलं नव्हतं. आतल्या गाड्या एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या, आणि माझ्या मागचा स्पेअर टायरांचा ढीग पाठीला लागला.

“बरं, सोमवार राहू दे,” मिस्त्री म्हणाला. आता त्याचा आवाज मऊ होता, माझ्यासारखा. “हात जोडायचं देऊन टाका. ते एकच. मग पडायचं कारणच उरणार नाही. हँडलही सरळ होईल, सोमवारही राहील.”

“आणि भावकाईपुढं काय करायचं?”

“मान हलवायची. सगळे हलवतात.”

“तुम्ही हलवता?”

“मला रोज जायचं असतं त्या रस्त्यानं,” तो म्हणाला. “रोज कोण हात सोडतंय.”

शटर आणखी खाली आलं. तेवढ्यात हे त्याच्याखालून वाकून आत आले. सदऱ्याचा खिसा त्यांनी वरून हातानं धरला होता.

“अगं, घरात आता बसता येईना,” ते म्हणाले. “उभं राहिलो तर डोकं आढ्याला लागतंय. हे घे.”

त्यांनी खिशातून देव्हारा काढला. तो काडेपेटीएवढा झाला होता. आत पिंड होती, आणि मारुती तिला चिकटून बसला होता.

“फळीवर राहीना,” ते म्हणाले. “सारखा पडत होता.”

मी देव्हारा तळहातावर घेतला. ह्यांना काय चाललंय ते सांगितलं. ह्यांनी हँडलकडे बघितलं, मग मिस्त्रीकडे, मग माझ्याकडे.

“दे की सोमवार,” ते म्हणाले. “म्हातारीचं काय, एक दिवस सून सांगेल.”

“सून पोहे खाते.”

“मग म्हातारी जेवेल कधीतरी. भूक लागली की माणूस जेवतं.”

“ती जेवणार नाही,” मी म्हणाले. “ती वाट बघेल. मी सोमवार दिला तर ती ज्या सोमवारी वाट बघेल, त्यात मी कधीच असणार नाही. ती बसूनच राहील.”

शटरखालून येणारा उजेड आता गुडघ्याएवढा उरला होता. मी देव्हारा गाडीच्या बाजूच्या पेटीत ठेवला, पान्याच्या कपड्यात गुंडाळून. मग मिस्त्रीला म्हणाले, “डबा धरा.”

त्यानं डबा धरला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसला.

“सोमवार सोडून सगळे घ्या,” मी म्हणाले.

आधी शनिवार काढला. तो तेलकट होता, त्याला रुईच्या पानांचा वास होता. पेटीतून बारीक आवाज आला, मारुती उठून गेल्यासारखा. नंतर बुधवार काढला. तो हलका होता. बुधवारी मी काहीच धरत नाही, नुसती पीठ चाळते. शुक्रवारातून चणे आणि गूळ सांडले.

“हे खाल्लेले आहेत,” मिस्त्री म्हणाला.

“म्हणून तर इतके देतेय.”

रविवार घडी घातलेला आला. रविवारी हे मला वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवतात. बातम्या संपल्या की लग्नाच्या जाहिराती वाचतात, आणि कोण कुणाला शोभेल ते आम्ही ठरवतो. आमची बरीच लग्नं जुळली आहेत. मी रविवार हातात धरून उभी राहिले. तो सोडायला माझा हात तयार होईना.

ह्यांनी घडी ओळखली.

“अगं,” ते म्हणाले. “आणि मी?”

“तुम्हाला सगळे वार आहेत.”

“त्यांत तू नसशील.”

“सोमवारी असेन. रात्री हेळेवाडीहून आले की आपण जेवू.”

“उपवासाचं?”

“उपवास सोडायचं. भाकरी करीन. पातळ.”

शटर आणखी खाली आलं तेव्हा त्यांनी वाकून त्याच्या कडेला खांदा लावला. ह्यांना मी कधी कशाला खांदा लावताना बघितलं नव्हतं.

“बाकीच्या दिवशी पीठ कुठं असतं ते तरी सांगून जा,” ते म्हणाले.

“वरच्या फळीवर. निळ्या डब्यात.”

“मीठ?”

“हाताशीच आहे. घर आता एवढंच आहे.”

मी रविवार डब्यात ठेवला. मिस्त्रीनं डबा हलवून बघितला. तो काठोकाठ भरला होता, तरी त्याला समाधान नव्हतं.

“ह्याच्यात हँडल येत नाही,” तो म्हणाला. “ठोकून देतो. थोडं ओढणारच.”

“ओढू दे.”

“पडाल, काकू.”

“पडले होतेच की. उठून चालत गेले. आता लिव्हर आहे.”

त्यानं हातोडा घेतला आणि हँडलवर दोन घाव घातले. ते होतं तसंच राहिलं. डब्याचं झाकण काही बसेना. तो त्यावर बसला आणि मला म्हणाला, “जा, माझं काही येणं नाही.”

हे शटर धरून उभे होते. मी गाडी त्यांच्या काखेखालून ढकलत बाहेर काढली. बाहेर सोमवार होता. ऊन अजून कोवळं होतं, रस्ता झाडून ठेवल्यासारखा होता. मी मागे वळले तर शटर जमिनीला टेकलं होतं आणि त्याच्यापुढे हे सोमवारचे उभे होते. दाढी वाढलेली होती. त्यांच्या सदऱ्यावर पीठ सांडलं होतं, म्हणजे निळा डबा सापडला होता.

“हळू जा,” ते म्हणाले.

मी पदर खोचला आणि किक मारली. गाडी लगेच सुरू झाली आणि लगेच डावीकडे ओढू लागली. मी तिला धरून सरळ ठेवलं. बाजारपेठेतून गेले, शाळेवरून गेले. पेटीत पिंड चाकाच्या चालीवर टकटक करत होती. सोमवारची कहाणी मनातल्या मनात सुरुवातीपासून म्हणून घेतली. कुठेही अडले नाही.

टपरीवरची माणसं मला बघून उठून उभी राहिली. कुणीतरी खडी बाजूला करायला धावलं आणि मध्येच थांबलं. भावकाईचं देऊळ आलं. रस्ता तिथून डावीकडे नदीला वळतो. मी बैलगाडीच्या चालीवर आले.

दोन्ही हात सोडले आणि जोडले. हँडल आपोआप डावीकडे वळू लागलं.