ओली बस

अकरा वाजून गेले आणि नागोरावच्या जिवाची घालमेल सुरू झाली. दोनची बस गाठायची होती आणि टेबलावरची पत्र्याची बस दुधासारखी पांढरी पडली होती.

सकाळपर्यंत ती लालभडक होती. दीड फूट लांब, खऱ्या बसच्या विसाव्या हिश्श्याची, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्याने ती चार महिन्यांत घडवली होती. मागची शिडी, टपावरचा कठडा, ड्रायव्हरच्या बाजूचा नखाएवढा आरसा, पुढच्या पाटीवर तेलुगूत ‘बेल्लमपल्ली–वांकिडी’, सगळं जिथल्या तिथं. राहिली होती फक्त चमक. बिनरंगाच्या लॅकरचे तीन पातळ हात दिले की बस नुकतीच धुऊन डेपोतून काढल्यासारखी दिसणार होती.

कोळशाच्या खाणींच्या बेल्लमपल्लीत स्टेशनच्या रस्त्याला नागोरावचा फोटो स्टुडिओ. जुन्या फोटोंवर एअरब्रश फिरवून गेलेल्या माणसांच्या मागे निळं आभाळ घालण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एअरब्रशला हवा मात्र ट्रकच्या ट्यूबची. पंक्चरवाल्याकडून ट्यूब टम्म भरून आणायची, नळी जोडायची आणि ट्यूब मऊ पडायच्या आत काम उरकायचं.

आता या गावात धूळसुद्धा कोळशाची. ओल्या लॅकरवर एक कण बसला तरी तो जन्मभर तिथंच. म्हणून या शहाण्याने सकाळी जमिनीवर दोन बादल्या पाणी ओतलं, दारा-खिडक्यांना ओली गोणपाटं टांगली. धूळ बसली खरी, पण खोलीत दमट वाफ कोंडली आणि दुसरा हात पडताच लॅकरवर पांढरी साय धरली. ओलीत लॅकर मारू नये हे वीस वर्षं ब्रश चालवणाऱ्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आज त्याला धुळीचा कण खपणार नव्हता, कारण ही बस दादासाठी होती.

दादा म्हणजे थोरला भाऊ अमृतराव. सरकारी बसचा ड्रायव्हर. एकतीस वर्षं नोकरी केली, पण बस एक मिनिट उशिरा सोडली नाही. आणि याच गुणापायी दोघा भावांचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी वांकिडीहून निरोप आला होता, माय राहीबाई शेवटच्या घटका मोजते आहे. दादाची दोनची बस होती. नागोरावच्या टेबलावर कुणाचा तरी फोटो होता, त्याला आभाळाचा अजून एक हात द्यायचा राहिला होता. तो धावत स्टँडवर पोचला तेव्हा बस फाटकातून बाहेर पडत होती. त्याने मागून पत्रा बडवला, हाका मारल्या. दादाने आरशात पाहिलं हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. बस थांबली नाही. पुढची सहाची. दादा साडेचारला मायजवळ पोचला, पाचला माय गेली. नागोरावला माय जिवंत दिसली नाही.

तेव्हापासून दोनची बस स्टुडिओवरून गेली की नागोराव तोंड फिरवायचा. आणि रोज बरोबर दोनला दाराशी मात्र यायचा. गेल्या आठवड्यात द्वारकावहिनीचं पोस्टकार्ड आलं : ‘रविवारी यांची आखरी ट्रिप. या. यांना सांगितले आहे.’ बस त्याआधीच आकाराला आली होती. काय म्हणून तो ती बनवत होता हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं, आणि सोनाबाईने विचारलंही नव्हतं.

आज मात्र ती दारात उभी राहून म्हणाली, “पांढरी त पांढरी. निंगा तुमी.”

“पांढरी कशी नेऊ? दादाची बस हाय का दूधगाडी?”

त्याने गोणपाटं ओढून काढली, जमीन कोरडी पुसली, मे महिन्याची झळ आत येऊ दिली. तोवर ट्यूब मऊ पडलेली. ती खांद्यावर टाकून पंक्चरवाल्याकडे, तिथं पुढे दोन सायकली. नागोराव एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिला. परत आला तेव्हा सव्वा वाजला होता. ब्रशच्या कपात बहुतेक थिनर, जेमतेम लॅकर. श्वास रोखून वीतभर अंतरावरून त्याने हलका फवारा फिरवला. पांढरी साय विरत गेली, खालून लाल रंग वर आला आणि टपावर खिडकीतला उजेड लख्ख दिसायला लागला. नागोरावला रडूच यायचं राहिलं.

पण मागच्या अंगाला तळहाताएवढ्या जागेत लॅकर संत्र्याच्या सालीसारखं खडबडीत बसलं होतं. एक हात अजून, फक्त एक. बोटं खटक्यावर गेलीच. घड्याळात एक पस्तीस. त्याने ब्रश खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने काम अर्धवट सोडलं असेल. फळीवर स्क्रूने बसवलेली ओली बस दोन्ही हातांनी धरून तो उन्हात निघाला.

एक पन्नासला तो स्टँडवर होता. बस उभी, ड्रायव्हरची जागा रिकामी. दादा कंट्रोलरच्या खोलीत सही करत असावा. पुढे जाऊन उभं राहायची हिंमत काही झाली नाही. वांकिडीला उतरल्यावर देऊ, तोवर वाळेलही, असं मनाशी म्हणत तो मागच्या दाराने चढला आणि शेवटच्या बाकाच्या कोपऱ्यात फळी मांडीवर घेऊन बसला. पुढे बोचकी, बाया, उभी माणसं.

दादा आला. केस पार पांढरे झाले होते. त्याने इंजिन चालू केलं. कंडक्टर फकिराने घंटी मारली. दोन वाजले. बस हलली नाही.

दोन पाच. कुणीतरी तेलुगूत ओरडलं. फकिराने पुन्हा घंटी मारली. दोन दहा झाले. नागोरावला वाटलं, गाडी बिघडली. आपल्याच नशिबी यायचं हे. फकिरा चिडून पुढे गेला. इंजिनच्या घरघरीत दोघांना ओरडूनच बोलावं लागत होतं.

“काऊन थांबून राह्यले, दादा? कंट्रोलर पाहून राह्यला न.”

“एक जन येनार हाय.”

“कोन?”

“माहा भाऊ.”

“सहा वर्सात नाई आला, आज येते काय?”

“येते,” दादा फाटकाकडच्या आरशात पाहत म्हणाला. “त्याले उशीरच होते. लहानपनापासून.”

मागच्या बाकावर नागोरावने ते ऐकलं. सहा वर्षं जपलेला राग कुठे गेला ते कळेना. लाज वाटली, आनंदही झाला. शेवटी तो उठला.

“दादा, आलो न मी. कवाचाच आलो.”

सगळी बस मागे वळली. तो फळी डोक्यावर धरून गर्दीतून पुढे सरकला. “सरका, सरका, ओली हाय!” दादाने इंजिन बंद केलं. त्याने फळी धरली नाही. त्याने बसच धरली, दोन्ही तळहात टपावर ठेवून.

“अरे दादा, ओली हाय!”

उशीर झाला होता. दादाने हात काढले तेव्हा लॅकर बोटांना तारेसारखं ओढत वर आलं आणि टपावर दहा बोटं उमटली. दादाचं तिकडे लक्ष नव्हतं. तो छोट्या बसच्या नखाएवढ्या आरशाकडे पाहत होता.

“त्या रोजी तू दिसला होता मले,” तो म्हणाला. “आरशात. पाय ब्रेकवर होता माहा. मायकडं जाची घाई होती, नाई दाबला. दोन मिन्टाचा त सवाल होता, नागो.”

नागोरावने फळी खालून सावरून धरली.

“म्या खराब केली न हे?” दादाने टपाकडे पाहून विचारलं.

“राहू दे तशीच,” नागोराव म्हणाला, आणि आपणच हे बोललो याचं त्याला नवल वाटलं.

तो दादाच्या शेजारी इंजिनच्या झाकणावर बस मांडीवर घेऊन बसला. गाडी फाटकाबाहेर पडली. फकिराने कानावरचं पेन काढून कागद गुडघ्यावर घेतला.

“सतरा मिन्टं लेट. कारन काय लिहू, दादा?”

दादाने गिअर बदलला.

“लिही, भाऊ यायचा होता.”