त्र्याहत्तरावी ओळ

"भाऊ, माह्या जोडीले कोणी देता का? तीन रोजापासून एकटाच उभा हाव."

सहदेव शाळेच्या ऑफिसच्या खिडकीत उभा होता. खांद्यावर पंचा, कपाळावरचा बुक्का घामानं नाकापर्यंत ओघळलेला. आत लक्ष्मीकांत नववीचा निकाल छापत होता. प्रिंटरमधून एकेक पान कसं शहाण्यासारखं बाहेर येत होतं; वर शाळेचं नाव, खाली मुख्याध्यापकांच्या सहीची जागा, एक रेघ इकडची तिकडे नाही.

"एकटा कसा?" त्यानं मान वर न करता विचारलं. "दोन ते चारला तू अन् उकंडरावकाका. दरसालचंच आहे ते."

"पण काकाचं नाव कुठी हाय यादीत?"

"असं कसं नाही? मीच टाइप केलंय."

"मले तं दिसलं नाही बुवा. वाचता येते मले. तुमच्याच शाळेतला सातवी नापास हाव."

लक्ष्मीकांत हसला, आणि हसता हसताच त्यानं संगणकावर सप्ताहाची यादी उघडली. धामणगावच्या मारुतीच्या पारावर चैत्रात सात दिवस नामसप्ताह बसतो. सात दिवस, आठी प्रहर, वीणा कुणाच्या तरी गळ्यात असते. ती जमिनीला टेकू द्यायची नाही. दोन-दोन तासांचे बारा पहारे, आणि एकदा घेतलेला पहारा सातही दिवस त्याच माणसानं, त्याच वेळेला करायचा. पहिल्या दिवशी दुपारी चार वाजता वीणा उभी राहते, म्हणून यादीही चारपासून सुरू होते आणि दुपारी दोन ते चारवर संपते. बाकीच्या पहाऱ्यांना सहा-सहा, सात-सात नावं असतात; ही वेळ मात्र कुणी मागून घेत नाही. चैत्रातलं ऊन पत्र्यावर तापत असतं, मंडपात चिटपाखरू नसतं, जेवलेलं गाव आडवं झालेलं असतं. ती वेळ उकंडरावांची.

पडद्यावर नाव होतं. अगदी शेवटी, त्र्याहत्तराव्या ओळीत: दुपारी २ ते ४, उकंडराव.

"हे काय, आहे की," म्हणत त्यानं खणातली छापील प्रत काढली. तिसऱ्या पानावर बोट खाली खाली नेलं. बहात्तरावी ओळ, सहदेव. त्याच्याखाली कोरा कागद.

त्याचं बोट त्या कोऱ्या कागदावरच राहिलं.

यादी आधी हातानं लिहीत. पाच वर्षांपूर्वी लक्ष्मीकांतनं ती संगणकावर घेतली आणि पहिल्याच वर्षी फजिती झाली. नऊ पानं निघाली. नावं एका पानावर, वेळा दुसऱ्यावर, फोन नंबर तिसऱ्यावर. पोरांनी ती डिंकानं जोडून भिंतीला लावली, आणि मंडपातला पंखा सुरू झाला तशी ती गोधडीसारखी खाली आली. गावानं आठवडाभर हसून घेतलं. "लक्ष्मीकांतभाऊच्या मशीनीनं नवऱ्याले एका गावी अन् बायकोले दुसऱ्या गावी धाडलं," असं सप्ताह मंडळातला ज्ञानेश्वर माइकवरून म्हणाला होता.

मग त्यानं एक रविवार घालवून मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे काय, हे तो मंडळाला कौतुकानं समजावून सांगे. संगणकाला कामांची एक माळ ओवून द्यायची. एक बटण दाबलं की तो एकेक मणी आपला आपण ओढत जातो. पान आडवं कर. सगळे रकाने एका पानाच्या रुंदीत बसव. मथळा प्रत्येक पानावर घे. एक पहारा अर्धा या पानावर, अर्धा त्या पानावर, असा तोडू नको. आणि शेवटचा मणी: पहिल्या ओळीपासून बहात्तराव्या ओळीपर्यंतच छाप. यादीच्या खाली त्यानं स्वतःपुरती काही टिपणं केलेली असत. आचाऱ्याचा नंबर, मृदंगवाल्याचं गाव. ती भिंतीवर जायला नकोत. मथळा धरून तेव्हा यादी बरोबर बहात्तर ओळींची होती.

खरं तर शेवटचं भरलेलं नाव कुठं आहे ते आधी शोध आणि तिथपर्यंत छाप, असं संगणकाला सांगता येतं. एका ओळीचं काम. ते त्याला त्या रविवारीही ठाऊक होतं. पण जेवायला हाक आली होती, आकडा समोर होता, आणि पुढच्या वर्षी बघू म्हणून त्यानं तो तसाच घालून टाकला होता.

यंदा पहाटेच्या पहाऱ्यात एक नवं नाव आलं. खालची सगळी नावं एकेक ओळ सरकली. शेवटचं नाव कडेलोट झाल्यासारखं खाली गेलं आणि कुणाला पत्ता लागला नाही. उकंडरावांचं नाव शेवटी असण्याचंही कारण होतं. बाकीचे येऊन नाव लिहवून जात. उकंडराव कधी आले नाहीत. त्यांचं आहेच म्हणून लक्ष्मीकांत सगळं झाल्यावर आठवणीनं ते घालत असे.

"काका मग आलेच नाहीत?" त्यानं विचारलं.

"आलते ना. आपला पह्यला पहारा होता त्या दिवशी पावणेदोनले आले. यादीपाशी उभे राह्यले. वरतून खालपर्यंत बोट लावून वाचली, मंग पुन्हा वरतून. तीनदा वाचली. म्या म्हटलं, काका, काय पाहून राह्यले? तं म्हणे, काही नाही रे. वीणेच्या पाया पडले अन् गेले."

"अन् तू मला सांगितलं नाहीस?"

"मले वाटलं, तुमीच काढलं. मिटिंगमधी बोलणं झालतं ना."

झालं होतं. रामनवमीच्या आधीच्या बैठकीत ज्ञानेश्वर म्हणाला होता, "म्हाताऱ्या माणसाईले आता आराम द्या. मागच्या साली काकाचा हात कापून राह्यला होता, तार बेसूर लागे." दोघे-तिघे तरुण हसले होते. उकंडराव दारापाशी चपलांजवळ बसलेले. लक्ष्मीकांत वहीत लिहीत होता. त्याच्या मनात आलं होतं की म्हणावं, वीणा काय आपण सुरासाठी उभी करतो का? पण तेवढ्यात चहा आला. ठराव झाला नाही, विषय तिथंच पडला. पडलेला विषय कुणाच्या पायात रुतला, ते कुणी वाकून बघितलं नाही.

आणि काल रात्रीचं कीर्तन. बुवांनी निरूपणाला उभं राहणं घेतलं होतं. देवाच्या दारात ज्याला काही मागायचं नाही, नुसतं उभं राहायचं आहे, त्याच्याकडे देव आधी बघतो, असं म्हणून बुवांनी झांजेचा एक हलका ठोका दिला आणि गप्प झाले. त्या शांततेत पहिल्या रांगेतल्या लक्ष्मीकांतचे डोळे भरून आले होते. शेजारच्याला त्यानं नंतर सांगितलंही, "आज बुवांनी काळजालाच हात घातला." असा माणूस आपल्याच गावात, आपल्याच यादीतून खाली पडलेला, आणि आपण दुसऱ्याच कुणासाठी तरी रडलो.

त्यानं निकाल थांबवला. मॅक्रो उघडून तो बहात्तरचा आकडा खोडला आणि पाच वर्षांपूर्वी लिहायची राहिलेली ओळ लिहिली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. नवं तिसरं पान निघालं. खाली उकंडरावांचं नाव चौकटीत नीट बसलेलं. ते पान घेऊन तो भर उन्हात निघाला.

उकंडरावांचं घर गावाच्या खालच्या अंगाला. ओट्यावर कोकिळाकाकू गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी त्याला येताना पाहिलं आणि सूप जरा जोरातच आपटलं.

"आठोलं का यादीवाल्याईले?"

"काकू, चूक झाली माझी. काका आहेत का?"

"कुठी जातीन? एकोणचाळीसावं साल होतं हे. रोज बारा वाजता आंघोळ करते, धुतलेलं धोतर नेसते, टोपी घालते अन् बसते. चार वाजले का टोपी काढून ठेवते. मी म्हटलं, जाऊन इचारा तरी. तं म्हणते, तू चूप राह्य."

पडवीत उकंडराव अंबाडीचा दोर वळत बसले होते. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी. मांडीवरचा पीळ त्यांनी सोडला नाही.

"ये, लक्ष्मीकांत. उन्हाचा काऊन आला?"

त्यानं कागद पुढं केला. म्हाताऱ्यानं तो हातभर लांब धरून वाचला, बोट लावून, शेवटच्या ओळीपर्यंत.

"छापलं चांगलं हाय. अक्षर ठसठशीत हाय."

"काका, संगणकाला मी सांगून ठेवलं होतं की बहात्तर ओळीच छाप. तुमची त्र्याहत्तरावी होती. मी छापल्यावर मोजल्या नाहीत."

"म्हंजे त्यानं तू सांगतलं तेच केलं."

"हो."

"मंग त्या मशीनचा काय दोष?" उकंडराव बारीक हसले. "उलट इमानी हाय."

"चला ना काका. आजचा धरून चार दिवस आहेत अजून. दोन वाजत आले."

"नेम सात दिवसाचा रायते, बाबू. पह्यल्या दिवशी सुटला का सुटला. उपास मोडल्यावर संध्याकाळी पुन्हा धरता येते का?"

"देव समजून घेईल."

"देवाचं काय, तो समजूनच बसेल हाय. माह्यं मन नाही घेत."

लक्ष्मीकांत पडवीच्या पायरीवर बसला. म्हणाला, "विचारायचं तरी होतंत. माझं घर काय लांब आहे? एका शब्दावर मी धावत आलो असतो."

दोराचा पीळ थांबला.

"काय इचारू? मिटिंगमधी मी दारापाशीच होतो. ज्ञानेश्वर बोल्ला त्याचं मले काही नाही, त्याचं वय हाय बोलाचं. पण तू माह्याकडं पाह्यलं, अन् मंग वहीत पाह्यलं. तवाच म्या म्हटलं, आता झालं. मंग यादी पाह्यली, तं तसंच होतं."

मी लिहीत होतो, असं म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. लक्ष्मीकांतनं ते म्हटलं नाही.

उकंडरावांनी कागदाची चौघडी घातली आणि बायकोकडे दिली. "ठेव हे." काकूंनी ती पदराला पुसल्यासारखी करून कोनाड्यात डब्याखाली ठेवली. मग म्हाताऱ्यानं विचारलं,

"मंग सहदेव एकटाच उभा हाय का?"

"हो. तीन दिवस."

"अन् पाणी?"

"कसलं पाणी?"

"अरे, दोन घंटे वीणा गळ्यात असल्यावर हात सोडता येत नाही. जोडीदार तोंडाले पाणी लावते. या उन्हात त्याले पाणी कोणं पाजलं?"

लक्ष्मीकांतला ते माहीत नव्हतं. पाच वर्षं तो पहाऱ्यांची यादी छापत होता. जोडीला दुसरं नाव का असतं, हे त्यानं कधी कुणाला विचारलं नव्हतं.

उकंडराव गुडघ्यावर हात रोवून उठले. माठातून तांब्या भरला, वर पेला पालथा घातला आणि चपला पायात सरकवल्या. "चाल," म्हणाले.

मंडपात ते मागच्या बाजूनं शिरले. वीणेला लांबूनच हात जोडले आणि खांबाशी टेकून बसले. सहदेवनं नुकतीच वीणा घेतली होती. म्हाताऱ्याला पाहून त्याचा चेहरा उजळला, तो वीणा उतरवून द्यायला पुढं झाला. उकंडरावांनी हातानंच नको म्हटलं, उठून पेला त्याच्या ओठांशी धरला, आणि मग लक्ष्मीकांतकडे बघितलं.

"पुढचा घंटा तू घे. एकट्यानं पोराचा खांदा उतरून जाईन."

"मी? मला येत नाही काका."

"येण्यासारखं काय हाय त्यात? उभं राहाचं."

तीन वाजता सहदेवनं वीणा त्याच्या गळ्यात घातली. पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग पट्टा खांद्यात रुतायला लागला, पोटऱ्या भरून आल्या, पत्र्याची झळ डोक्यात उतरली. मंडपात ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. तार छेडायची, नाव घ्यायचं, तार छेडायची. अडतीस वर्षं हेच, याच उन्हात, कुणी बघत नसताना. त्याला खांबाकडे बघायचं धाडस होईना. एकदाच नजर गेली, तेव्हा दिसलं की उकंडरावांचे डोळे मिटलेले आहेत आणि उजव्या हाताचं पहिलं बोट गुडघ्यावर बारीक हलतंय, त्याच्या तारेच्या जरा आधी.

साडेतीनला त्याचा घसा सुकून शब्द फुटेना. त्यानं सांगितलं नाही. पण म्हातारा उठला, तांब्यातलं उरलेलं पाणी पेल्यात ओतलं आणि समोर येऊन उभा राहिला. हात खरंच कापत होता. लक्ष्मीकांतनं मान खाली घातली.

"वर कर मान," उकंडराव हळूच म्हणाले. "सांडून राह्यलं."