स्वर्गातला र्ग

रुक्मिणीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, त्या संध्याकाळी त्यांचे थोरले भाऊ मुकुंदराव यांनी त्यांचा उजवा हात उंबऱ्यावर धरला आणि त्यावर वरवंटा घातला. मुकुंदराव शाळेत व्याकरण शिकवत. अर्धवट काम त्यांना खपत नसे. तीन बोटं गेली. "आता लिही तुझ्या येशूवर," ते म्हणाले.

बाईंनी आज्ञा पाळली. डाव्या हातानं.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका खोलीत राहून त्यांनी वर्षानुवर्षं परदेशी ख्रिस्ती संतांवर एकच पुस्तक लिहिलं. देवाच्या ध्यासानं उपाशी मरणारे संत, स्वतःला आसुडानं फोडून घेणारे संत, अंगावर घाव उमटले की आनंदानं रडणारे संत. मिशनच्या मडमेला हे संत रोमन कॅथलिक म्हणून नको होते आणि पेठेला ख्रिस्ती म्हणून. दगड पेठेनं मारले. मडमेनं फक्त चहा बंद केला.

एकोणीसशे तीसच्या मे महिन्यात पुस्तक छापायला गेलं आणि गावात लष्करी कायदा आला. रस्त्यात गोळ्या सुटत होत्या. पांढरी टोपी दिसली की खालचं डोकंही फुटत होतं. छापखान्यात महादेवप्पा अक्षरांचे खिळे जुळवत होता. घरी कानडी, पोटासाठी मराठी. बाईंच्या डावऱ्या अक्षरातला 'र्ग' म्हणजे भिंतीवर चिरडलेला डास. पहिल्याच पानावर होतं, 'स्वर्गराज्य जवळ आले आहे.' त्या दिवसांत सोलापुरात कुणीही वाचलं असतं तेच महादेवप्पानं वाचलं आणि जुळवलं: 'स्वराज्य जवळ आले आहे.'

धाडीत छापखाना जळला, हस्तलिखितही जळलं. छापलेलं तेवढं एक पान आणि महादेवप्पा चौकीत पोचले.

बाई धावत गेल्या, तेव्हा महादेवप्पाचे दोन दात टेबलावर मुद्देमालासारखे मांडलेले होते. शेजारी फौजदार अण्णारावांचा चहा.

"या बाई. ह्यानं तुमच्या धर्माच्या पुस्तकात राजद्रोह घुसडलाय. तुमच्यावर काही नाही, तुम्ही साहेबाच्याच धर्माच्या. मूळ शब्द काय होता, तेवढा ह्या कागदावर लिहून द्या. पुढचं आम्ही बघतो."

"पुढचं म्हणजे?"

"फटके. मग तुरुंग. फटक्यांतून उरला तर."

महादेवप्पा लाल थुंकला. "लिवा की अक्का. माजीच चूक हाय. त्ये अक्षर दिसलंच न्हाई बगा."

"दिसेल कसं? मी ते लिहिलंच नव्हतं."

"अक्का, खोटं बोलू नका! येशू काय म्हनंल?"

"तू गप बस. धर्म माझा आहे."

बाईंनी टाक घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा डाव्या हातानं सावकाश, वळणदार लिहिलं: स्वराज्य.

"हेच होतं. त्याला सोडा."

अण्णारावांनी कागद खिडकीशी नेला. "अक्षर सुरेख आहे की हो." मग महादेवप्पाला मानेला धरून दाराबाहेर ढकललं आणि रूळ उचलला. "हात ठेवा टेबलावर. तो नव्हे. त्याचं काम आधीच कुणीतरी केलेलं दिसतंय."

रूळ पडला. अशा वेळी संतांना प्रकाश दिसतो, असं बाईंनी एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. त्यांना दोन दात दिसले आणि चहावरची साय. त्या गुरासारख्या ओरडल्या.

अण्णाराव रूळ पुन्हा उचलत होते, तेवढ्यात बाईंच्या मनात आलं, ते प्रकरण सगळं नव्यानं लिहावं लागणार.